पंडित म्हाइंभट : स्वतः पारखून घेतलेली निष्ठा

शास्त्र पढणे आणि पढलेले आपल्या बुद्धीने पारखणे यांत मोठे अंतर आहे. पढीक विद्वान परक्याचे मत आपल्या मुखाने बोलतो आणि तेच आपले मत आहे असे समजतो. लीळाचरित्रकार पंडित म्हाइंभट यांनी हे अंतर ओलांडले, व त्यासाठी आपला मोठा लौकिक पणास लावला.

म्हाइंभट हे सराळे येथील. यादवांच्या राजवटीत पांडित्याला मान होता, आणि शास्त्रार्थात प्रतिपक्षाला निरुत्तर करणे हे त्या मानाचे साधन होते. गणपत आपयो यांच्या विद्वत्परंपरेत म्हाइंभटांची विद्या वाढली, तसा विद्येचा अभिमानही वाढला. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची कीर्ती कानी आली तेव्हा वाद करून जिंकावे याच हेतूने ते डोमेग्रामी गेले.

तेथे त्यांच्या पांडित्याचे उणेपण त्यांना स्वतःलाच कळून आले. पराभव तर पुष्कळ पंडितांच्या वाट्याला येतो. पुष्कळजण तो शब्दच्छलाने झाकतात, किंवा मनात एक व जनात एक असे वागून पूर्वीचा मान राखतात. म्हाइंभटांनी तसे केले नाही. जे पटले ते त्यांनी मान्य केले. तथापि क्षणिक भारावलेपणाने त्यांनी संसारही टाकला नाही. त्यांच्या अनुसरणाला अवधी लागला. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर आचार्य श्रीनागदेव ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत असता म्हाइंभट त्यांच्या सन्निध आले आणि परमार्गाचे पूर्ण साधक झाले. जो निर्णय स्वतः विचार करून घेतला, त्याला मग आयुष्यभर तडा गेला नाही.

पारखण्याची हीच वृत्ती पुढे त्यांच्या ग्रंथकार्यात उतरली. आचार्य श्रीनागदेवांना स्वामींच्या लीळांचे नित्य स्मरण चालू असे. ते सर्व ग्रथित व्हावे, या विचाराने म्हाइंभटांनी शके १२००, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्राची रचना केली. आचार्यांचे स्मरण हा मुख्य आधार असताही ते तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिल्या, त्यांच्यापाशी जाऊन त्यांनी त्या विचारून घेतल्या. स्थळ, प्रसंग, कोण उपस्थित होते, याची चौकशी केली. जेथे स्मरणे जुळत नाहीत तेथे भिन्न पाठही जपून ठेवावा, ही शिस्त या ग्रंथाच्या परंपरेत आजही दिसते. एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशा तीन भागांच्या या ग्रंथात भक्तांचे गुण आहेत तसे दोषही आहेत. आणि म्हाइंभटांचा स्वतःचा विद्यागर्व व त्याचा निरासही त्यातून गाळलेला नाही. आपले उणे आपल्याच ग्रंथात राहू देणारा ग्रंथकार विरळा.

भाषेच्या बाबतीतही त्यांनी रूढ वाट धरली नाही. सोलापूरकडील वेळापूर येथील अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरात रामदेवराव यादवाच्या काळातील मराठी शिलालेख आहेत. दानधर्माच्या नोंदींसाठी मराठी शिळेवर कोरली जात होती. परंतु पंडिताने ग्रंथ रचायचा तो संस्कृतात, असाच प्रघात होता. संस्कृतात पारंगत असताही म्हाइंभटांनी स्वामी ज्या मराठीत बोलले तीच राखली. विद्वज्जन काय म्हणतील याची त्यांनी पर्वा केली नाही. बोल बदलला तर अर्थ ढळेल, ही त्यांची खूण होती. पुढे केशिराजबासांनी सूत्रपाठ सिद्ध केला तो याच राखलेल्या वचनांच्या आधारे.

स्वतःचे मत असणे म्हणजे सर्वांहून वेगळे बोलणे, असा समज पुष्कळांचा असतो. म्हाइंभटांचे चरित्र त्याहून कठीण गोष्ट शिकविते. विचारावे, पडताळावे, पटले नाही तोवर मान डोलवू नये; आणि पटले की मानापमान न पाहता तसे वर्तावे. वडिलांकडून उपदेश घेणारा वासनिक असो, की भिक्षाटन करणारा साधक. कुळाचारामुळे सांभाळलेली निष्ठा संकटात डळमळते, पारखून घेतलेली टिकते.