सायकलीच्या दुकानातून नांगराकडे

लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले १८६९ साली, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला. चित्रकार व्हावे म्हणून मुंबईस जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण डोळ्यांना रंगांचा भेद नीट कळेना. तेव्हा कुंचला ठेवून त्यांनी यंत्रांची आरेखने हाती घेतली व व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले.

१८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान निघाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात, बंधू रामूअण्णांनी त्या विकाव्यात आणि गिऱ्हाइकाला बसायलाही शिकवावे! पोकळ नळ्यांचा हलका सांगाडा, पायाचे बळ मागच्या चाकाकडे नेणारी साखळी. थोडक्या लोखंडात किती काम साधते, याचा तो चालता धडाच होता.

बढतीत डावलले जाताच नोकरी सोडून ते बेळगावी आले. कडबा कापण्याची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत; नांगर पडून राहिले. त्यातच नगरपालिकेने ठळकवाडीची, म्हणजे आताच्या टिळकवाडीची, वसाहत आखली आणि कारखान्याला जागा सोडावी लागली. आमच्या मते बेळगावचे हे मोठेच नुकसान. औंधच्या पंतप्रतिनिधींनी मात्र माणूस ओळखला. त्यांनी कुंडलजवळ दिलेल्या निवडुंगाच्या ओसाड माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.