नदी आधी की पर्वत आधी?

पठार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक निश्चल, सपाट भूप्रदेश उभा राहतो. पण पठारही उचलले जाते आणि उचलले जात असतानाच झिजतही असते. ही गोष्ट मला क्रमिक पुस्तकापेक्षा एका चरित्राने अधिक पटवली. ते चरित्र अमेरिकन भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांचे.

पॉवेल यांचा जन्म १८३४ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ च्या शायलोच्या लढाईत, गोळी लागून त्यांना उजवा हात गमवावा लागला. तरीही पुढे ते भूशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि २४ मे १८६९ रोजी नऊ सोबती व चार होड्या घेऊन ग्रीन नदीच्या प्रवाहातून कोलोरॅडो नदीच्या अज्ञात घळयांकडे निघाले.

पंधरवडा उलटतो न उलटतो तोच एक होडी खडकांवर फुटली. उंची मोजण्याचे वायुभारमापक तिच्यातच होते. दुसऱ्या दिवशी ते सापडले तेव्हा सोबत्यांनी जल्लोष केला. पण तो जल्लोष उपकरणांसाठी नसून शेजारी सापडलेल्या मद्याच्या पिंपासाठी होता! एका हाताने कडे चढून पॉवेल उंची मोजत राहिले. शेवटी अन्न संपत आले. २८ ऑगस्टला तिघे जण कंटाळून वर चढून गेले आणि मारले गेले. उरलेले सहा जण दोनच दिवसांत सुखरूप बाहेर पडले. हा दैवदुर्विलास वाचून मन विषण्ण होते.

या प्रवासात पॉवेल यांना एक कोडे पडले. समोर युइंटा पर्वत असता नदी त्याला वळसा न घालता आरपार कशी गेली? त्यांचे उत्तर असे, की नदी आधीची, पर्वत नंतरचा. करवत जागीच राहावी आणि लाकूड तिच्यावर सरकत यावे, तशी भूमी हळूहळू वर आली व नदी तिला कापत राहिली. अशा नदीला आपण पूर्ववर्ती नदी म्हणतो.

पुढील संशोधनाने दाखवले, की युइंटा पर्वत त्या नदीहून जुना आहे. म्हणजे ज्या ठिकाणी हा विचार सुचला तेथेच तो लागू पडला नाही. परंतु हिमालयातील सिंधू, सतलज यांचा मार्ग याच विचाराने उलगडतो. कोलोरॅडो पठाराच्या माथ्यावर सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील चुनखडी आज दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. भूपट्टांच्या हालचालींनी ते थर फारसे न मोडता उचलले गेले. ग्रँड कॅन्यन मात्र मुख्यतः गेल्या ५०-६० लाख वर्षांत कोरली गेली.

१८८१ ते १८९४ पॉवेल अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे संचालक होते. १९०२ साली ते निवर्तले. उत्तर चुकले तरी योग्य प्रश्न विचारणारा माणूस शास्त्राला पुढे नेतो. परीक्षेतील गुणांपलीकडे पाहू इच्छिणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांना हा धडा मोलाचा वाटावा.