डोळ्यांवाचून पाहिलेला थेंब

अवकाशयानात पाणी सांडत नाही. ते तरंगते आणि गोल होऊन राहते. २०१३ साली क्रिस हॅडफिल्ड यांनी अंतराळ स्थानकात ओले फडके पिळले, तेव्हा पाणी खाली न पडता फडक्याला आणि हातांना वेढून बसले. ती चित्रफीत पाहताना मला हटकून आठवतात ते जोझेफ प्लातो. ग्रीक तत्त्ववेत्ता नव्हे, बेल्जियमचा हा पदार्थवैज्ञानिक.

१८०१ साली ब्रसेल्समध्ये त्यांचा जन्म झाला. डोळ्यांना प्रकाश कसा जाणवतो, हा त्यांचा पहिला ध्यास. १८३२ मध्ये त्यांनी फिरत्या तबकडीवरची चित्रे हलती करून दाखवली. चित्रपटाचे मूळ तिथवर जाते. पुढे ते गेंट विद्यापीठात प्राध्यापक झाले. पण १८४३च्या सुमारास त्यांची दृष्टी पूर्ण गेली. प्रयोगासाठी सूर्याकडे टक लावल्याने ती गेली, असे सांगतात. नंतरच्या अभ्यासकांना मात्र डोळ्यांच्या आतला दाह हे कारण अधिक संभवनीय वाटते.

दृष्टी मावळत असतानाच त्यांनी एक साधा प्रयोग हाती घेतला होता. ऑलिव्हचे तेल पाण्यावर तरंगते, मद्यार्कात बुडते. दोन्हींचे नेमके मिश्रण केले, तर तेल तरंगतही नाही, बुडतही नाही. त्याचे वजन जणू नाहीसे होते आणि उरतो फक्त पृष्ठताण. मग तेलाचा सुबक गोळा होतो. तो फिरवला की चपटा होतो, वेग वाढवला की त्याचे कडे बनते. तेलाच्या दंडगोलाची लांबी त्याच्या परिघाहून जास्त झाली की तो तुटून थेंब होतात.

यान आणि त्यातले पाणी एकत्रच पृथ्वीभोवती पडत असतात, म्हणून तिथे वजन जाणवत नाही. प्लातोंनी तीच अवस्था टेबलावरच्या भांड्यात आणली होती. मुलगा, जावई आणि सहकारी प्रयोग करून जे दिसेल ते सांगत. काय करायचे आणि दिसले त्याचा अर्थ काय, हे प्लातो ठरवत. १८७३ मध्ये या साऱ्याचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. बरोबर शंभर वर्षांनी, १९७३-७४ मध्ये, स्कायलॅबमधल्या अंतराळवीरांनी पाण्याचे तरंगते गोळे करून पाहिले.

१८८३ मध्ये प्लातो गेले. त्यांच्या आंधळेपणाची हळहळ मला पुरेशी वाटत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा आणि नेमके काय विचारायचे हे जाणायचे, हीसुद्धा दृष्टीच आहे. डोळे शाबूत असणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना ती साधते?