पिल्लांवर फिस्कारणारी आई

हातखंब्यातल्या एखाद्या घराच्या पडवीत दीड-दोन महिन्यांची पिल्ले दुधासाठी झोंबू लागली, की मांजर फिस्कारते, पंजा मारते. घरच्यांना ती निर्दय वाटते. या कोड्याची उकल थिओडोर श्नेर्ला यांच्या कामात सापडते.

१९०२ साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये जन्मलेले श्नेर्ला पनामाच्या जंगलातील लष्करी मुंग्यांच्या अभ्यासामुळे प्रसिद्ध झाले. अळ्या वाढत असताना मुंग्यांचा तांडा रोज मुक्काम हलवतो आणि त्या कोषात गेल्या की थांबतो, हे त्यांनी दाखवले. पिल्लांच्या वाढीनुसार मोठ्यांचे वागणे बदलते, हाच धागा पुढे मांजरांतही दिसला. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात त्यांनी सहकाऱ्यांसह मांजरींची निरीक्षणे केली. पहिले सुमारे तीन आठवडे आई स्वतः पिल्लांजवळ जाते. मग दोघेही एकमेकांकडे येतात. पाचव्या आठवड्यानंतर पिल्ले मागे लागतात आणि आई टाळू लागते. तिचा राग म्हणजे दूध तोडण्याची पायरी.

श्नेर्ला १९६८ मध्ये वारले. पिल्लांना वेगळे खाणे आणि आईला बसायला उंच जागा दिली, की भांडण निवते. मात्र महिन्याच्या आतल्या पिल्लांना ती हुसकावत असेल, तर आचळाला सूज आहे का, हे पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे.