सर्पगंधेला कसोटीवर घासणारा डॉक्टर

उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होत जातात. आज त्यावर अनेक गोळ्या मिळतात. १९४० च्या दशकात मात्र डॉक्टरांच्या हाती मीठ बंद करणे, झोपेची औषधे आणि काही रुग्णांत मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, असे मोजकेच उपाय होते.

याच काळात मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील काम करत होते. त्यांचा जन्म १९११ चा. लंडनमध्ये वैद्यकशास्त्र शिकून ते परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरुग्णांवर उपचार करू लागले. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे निद्रानाश, उन्माद आणि सर्पदंशावर पूर्वापार वापरले जाई. ते रक्तदाबही उतरवते, हे १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी नोंदवले होते. पण जगातल्या डॉक्टरांपर्यंत ते पोहोचले नव्हते.

वकिलांनी ऐकीव गुणावर भरवसा ठेवला नाही. रुग्णांना औषध देऊन ते रक्तदाब मोजत राहिले, नोंदी ठेवत राहिले. ५० रुग्णांवरचे निष्कर्ष १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आले आणि परदेशांतही सर्पगंधेवर प्रयोग सुरू झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरअॅड्रेनलिन ते रिकामे करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते आणि दाब उतरतो.

१९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण. मात्र याच सुमारास रेसरपिनची दुसरी बाजूही दिसू लागली होती. नाक चोंदणे, पोटात व्रण आणि विशेषतः मोठ्या मात्रेने येणारे नैराश्य यांमुळे, नवी औषधे आल्यावर त्याचा वापर घटत गेला.

वकील १९७४ मध्ये निवर्तले. वनस्पतीत औषध असू शकते, पण त्याचा गुण, मात्रा आणि धोका मोजूनच ठरवावा लागतो, हे त्यांच्या कामाने दाखवले. म्हणूनच रक्तदाबाची चालू गोळी सोडून कुणी सांगितलेले मूळ उगाळून घेणे धोक्याचे. आधी डॉक्टरांना विचारावे.