ख्रिस्तपुराणकर्ते फादर स्टीफन्स

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात फादर टॉमस स्टीफन्स यांचे नाव येते ते बहुधा एकाच संदर्भात. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या काही ओव्या पाठ्यपुस्तकांतून घेतल्या जातात, विद्यार्थी त्या पाठ करतात, परीक्षेत त्यांचे संदर्भासह स्पष्टीकरण लिहितात आणि ग्रंथकार मागे राहतो. सातासमुद्रापलीकडून आलेल्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने आपल्या भाषेची स्तुती केली, याचे आपल्याला कौतुक वाटते. परंतु ती त्याने कोणासमोर केली आणि ते लोक त्या वेळी काय गमावून बसले होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो केला म्हणजे स्टीफन्स यांच्या चरित्राचा खरा गाभा हाती लागतो. श्रद्धा ही मनात बाळगण्याची गोष्ट नसून करण्याची गोष्ट आहे, असे मानणाऱ्या एका माणसाने चाळीस वर्षे आपल्याच गोव्यात काय केले, याची ती कथा आहे.

त्यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात 1549 च्या सुमारास झाला. शालेय शिक्षण विंचेस्टर येथे झाले. एलिझाबेथ राणीच्या त्या इंग्लंडात कॅथॉलिक पंथीयांना उघडपणे उपासना करण्याची सोय राहिली नव्हती. तरुण स्टीफन्स हे टॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत कॅथॉलिक गृहस्थाच्या सहवासात आले. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले. परंतु पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची पुढील सुमारे तीस वर्षे तुरुंगांतून गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि 1575 च्या ऑक्टोबरात त्यांनी संघाची दीक्षा घेतली. आपल्या श्रद्धेमुळे स्वदेशाला मुकलेला हा माणूस होता. पुढे ज्या लोकांमध्ये त्यांना काम करावयाचे होते, त्यांपैकी अनेकांवर त्यांच्याच धर्माच्या राज्यकर्त्यांनी तशीच पाळी आणली होती. नियतीचा हा पेच त्यांच्या ध्यानात आला नसेल, असे मानणे कठीण आहे.

1579 च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेले त्यांचे गलबत आफ्रिकेला वळसा घालून 24 ऑक्टोबर रोजी गोव्यास लागले. पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांना या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. रिचर्ड हॅक्लुइट याने ते आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले आणि भारताविषयी कुतूहल असणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या हाती ते पडले. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स यांचाच निर्देश करतात. मात्र व्यापार, राज्य वा कीर्ती यांपैकी कशासाठीही ते येथे आलेले नव्हते.

त्यांना नेमून दिलेले कार्यक्षेत्र म्हणजे साष्टी महाल. त्या वेळची साष्टी कशी होती, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील कथा कळणार नाही. 1566-67 च्या सुमारास तेथील देवळे पाडण्यात आली होती. त्या काळात कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा अशी दैवते भक्तांनी रातोरात नदीपार, आदिलशाही मुलखातील अंत्रुज महालात नेली. काही कुटुंबे देवांबरोबर गेली. जी राहिली, त्यांतील पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला. आपले पेडणे आणि डिचोली हे महाल त्या वेळी पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हते. ते 1780 नंतरच्या दशकात गेले, पेडणे तर 1788 साली. त्यामुळे नव्या काबिजादींतील आम्हा लोकांना जुन्या काबिजादींचे हे दुःख ऐकून ठाऊक आहे, भोगून नव्हे. देवाबरोबर पोथीही गेली, ही गोष्ट आपण फारशी लक्षात घेत नाही. ज्या साष्टीत केळशीच्या कृष्णदास शामा यांनी 1526 साली श्रीकृष्णचरित्रकथा रचावयास घेतली, त्याच साष्टीत दोन पिढ्यांनंतर घरात मराठी पोथी ठेवणे ही भीतीची बाब झाली. जप्त झालेल्या पोथ्यांवरून धर्मोपदेशकांनी आपल्या अभ्यासासाठी रोमन लिपीत केलेल्या काही नकला पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आजही आहेत.

1583 च्या जुलैत कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह येशूसंघाच्या पाच जणांना ठार केले. नंतर बोलणी करण्याच्या मिषाने असोळणे येथे बोलावलेल्या गावप्रमुखांची राज्यकर्त्यांनी हत्या केली. स्टीफन्स यांनी त्याच वर्षी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात कुंकळ्ळीची हकीकत आहे. ठार झालेल्या आपल्या बांधवांकडे ते हुतात्मे म्हणूनच पाहतात; गावकऱ्यांच्या संतापाची कारणे शोधण्याच्या भरीस ते पडलेले नाहीत. चरित्रनायकाच्या या मर्यादेवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. ते आपल्या संघाचे आणि आपल्या काळाचे होते. तथापि त्याच पत्रात आणखी एक मजकूर आहे. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी जुळते, असे आपले निरीक्षण त्यांनी नोंदविले आहे. सर विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात संस्कृतच्या नात्यागोत्याचा सिद्धांत मांडला तो 1786 साली, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी. सहकाऱ्यांच्या मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या पत्रात या माणसाला येथील भाषेचे सौष्ठवही सांगावेसे वाटले, ही गोष्ट मला लक्षणीय वाटते.

त्याच सुमारास घडलेला दुसरा प्रसंग त्यांच्या स्वभावावर चांगला प्रकाश टाकतो. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी हे चार इंग्रज होर्मुझ येथे हेर म्हणून पकडले जाऊन 1583 च्या अखेरीस गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. इंग्लंड म्हणजे पाखंड्यांचा देश, ही तेव्हाची पोर्तुगीज समजूत. ज्या देशात स्टीफन्स यांचे सोबती तुरुंगात होते, त्याच देशाची ही माणसे. त्यांच्याकडे पाठ फिरविली असती तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. परंतु ते आपल्या एका फ्लेमिश संघबंधूसह त्यांच्यासाठी खटपट करू लागले, जामिनाची व्यवस्था झाली आणि चौघे बाहेर आले. स्टोरी काही काळ येशूसंघात राहून चित्रे काढू लागला. इतर तिघे 1584 मध्ये गोव्यातून निसटून अकबराच्या दरबाराकडे गेले. फिच 1591 साली लंडनला परतला आणि त्याच्या माहितीचा उपयोग पुढे ईस्ट इंडिया कंपनीने करून घेतला. एका पाद्र्याने दयाबुद्धीने केलेल्या कामाला इतिहासाने असे अनपेक्षित फळ आणले.

पण स्टीफन्स यांचे मुख्य कार्य ते नव्हे. साष्टीतील चर्चमध्ये, मडगावच्या विद्यालयात, खेड्यापाड्यांत ते वर्षानुवर्षे शिकवीत राहिले. कोकणी ते लोकांच्या तोंडून शिकले, मराठी पोथ्यांतून. ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक प्रसंग वर्णिला आहे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्यांपुढे येऊन आपली अडचण मांडतो. आमची जुनी पुराणे वाचू नका असे आपण सांगता, ते आम्ही मानले. परंतु त्यांच्या जागी वाचावयास आपण आम्हांला काय देता, असा त्याचा आशय आहे. प्रश्नोत्तरांचे धर्मशिक्षण मुलांना पुरेसे होईल, पण ज्यांच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या ओव्या पडल्या, त्यांची भूक तेवढ्याने कशी भागावी? प्रसंग प्रत्यक्ष घडलेला असो वा कवीने योजलेला असो, प्रश्न खरा आहे. आणि तो विचारणाऱ्याला ग्रंथकाराने हीन लेखलेले नाही. उलट त्याच्या प्रश्नालाच ग्रंथाचे निमित्त केले आहे. लोकांच्या हातची पोथी काढून घेण्यात ज्यांच्या संघाचा वाटा होता, त्यांनीच त्यांच्या हाती पोथी द्यावयास हवी, हे कर्तव्य स्टीफन्स यांनी ओळखले.

ते त्यांनी कसे पार पाडले, हे पाहण्यासारखे आहे. युरोपात बायबलच्या कथा सांगण्याच्या ज्या रीती होत्या, त्या बाजूस ठेवून त्यांनी पुराणाची रीत स्वीकारली. छंद ओवीचा, प्रकरणांना नाव अवस्वरु, मांडणी गुरु-श्रोत्यांच्या संवादाची. पहिल्या पुराणात जुन्या कराराच्या, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्राच्या कथा; एकूण 95 अवस्वरु आणि 10,962 ओव्या. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द वापरताना त्यांची लेखणी अडखळली नाही. ग्रंथाला जोडलेल्या गद्य निवेदनात त्यांनी भाषेविषयीचे धोरण सांगितले आहे: असा विषय मराठीतच शोभतो, पण शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून बामणी भाषेतील सोपे शब्द मिसळले आहेत. रत्ने, फुले, पक्षी, तारे यांच्या उपमा देऊन मराठीची जी स्तुती त्यांनी केली, ती या भूमिकेशेजारी ठेवून वाचावी. ज्या भाषेचे ग्रंथ अधिकाऱ्यांना संशयास्पद वाटत होते, ती भाषा पवित्र विषयाला योग्य आहे, असे त्या ओव्या साष्टीच्या श्रोत्यांना आणि वरिष्ठांनाही सांगत होत्या. याकडे नुसते भाषाप्रेम म्हणून पाहणे अपुरे ठरेल.

लिपीच्या बाबतीत मात्र त्यांना यश आले नाही. भारतातला पहिला छापखाना 1556 साली गोव्यात सुरू झाला होता, पण देशी लिपीतील खिळे पाडणे खर्चाचे आणि कौशल्याचे काम. 1608 साली स्टीफन्स यांनी रोमला संघाचे प्रमुख क्लाउदियो आक्वाविवा यांना पत्र लिहून असे खिळे पाडण्यास परवानगी मागितली. जोडाक्षरांमुळे सहाशेहून अधिक भरणारी अक्षरे सुमारे दोनशे साच्यांत बसविता येतील, असा हिशेबही त्यांनी दिला. (हे क्लाउदियो म्हणजे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या रुदोल्फ यांचे चुलते.) पण साचे झाले नाहीत. 1616 साली राशोल येथे ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत. त्यासाठी मराठी-कोकणी उच्चार रोमन अक्षरांत बसविण्याची पद्धत त्यांना लावावी लागली. त्या वेळी त्यांचे वय सदुसष्टच्या आसपास होते. तीन वर्षांनी, 1619 साली ते गोव्यातच निवर्तले. मायदेशी ते परत गेले नाहीत.

त्यांची कोकणीतील दौत्रिन क्रिस्तां 1622 साली आणि कोकणीचे व्याकरण 1640 साली, म्हणजे दोन्ही मरणोत्तर, राशोलच्याच छापखान्यातून निघाली. भारतीय भाषेचे छापून प्रसिद्ध झालेले पहिले व्याकरण ते हेच, असे मानले जाते. आपल्या गोव्यात मराठी आणि कोकणी यांचे अभिमानी एकमेकांशी हिरिरीने भांडत आले आहेत, आणि दोन्ही पक्ष स्टीफन्स यांना आपलेसे म्हणतात. पर्वरीचे कोकणी केंद्र त्यांच्या नावाचे आहे आणि मराठीच्या इतिहासात त्यांच्यावाचून पान हलत नाही. स्वतः त्यांना मात्र या दोन भाषांत भांडण दिसले नाही. एक त्यांनी मुलांना शिकविण्यासाठी घेतली, दुसरी काव्यासाठी.

पुराण 1649 आणि 1654 साली पुन्हा छापले गेले. चर्चमध्ये आणि घरोघर ते वाचले जाई. मग काळ फिरला. 1684 च्या जूनमध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून देशी भाषा सोडण्याचा आणि तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम दिला. ज्या राज्याच्या आश्रयाने स्टीफन्स यांनी लिहिले, त्याच राज्याने त्यांच्या भाषेच्या मुळावर घाव घातला. तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

तरीही पुराण टिकले. याचे श्रेय कोणा संस्थेला नव्हे, वाचकांना द्यावे लागते. गोव्यातून दक्षिणेकडे कानड्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने नकला करून ते जपले, सणावारी म्हटले. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली मंगळूर येथे रोमन लिपीत ते पुन्हा छापले. 1923 साली जस्टिन ॲबट यांनी लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरीतील प्रत असल्याचे दाखवून दिले. पुढे 1956 साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्याहून, 1996 साली फादर कारिदाद द्रागो यांची मुंबईहून, आणि 2009 साली फादर नेल्सन फाल्काव यांची आवृत्ती निघाली. प्रियोळचे सुपुत्र अ. का. प्रियोळकर यांनी या काळातील छपाईचा आणि धर्मसमीक्षण संस्थेचाही इतिहास लिहिला. स्टीफन्स यांच्या कार्याची दोन्ही अंगे समजून घेऊ इच्छिणाऱ्याने ते दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवावेत.

ख्रिस्तपुराण प्रथमच हाती घेणाऱ्या सभासदांना एक सुचवावेसे वाटते. पहिल्या पुराणातील वंशावळींनी दबून न जाता सुरुवात दुसऱ्या पुराणापासून करावी, आणि ओव्या मनातल्या मनात न वाचता मोठ्याने म्हणाव्यात. मराठीत मिसळलेले कोकणी शब्द मग पेडण्याच्या वाचकाला टिपांवाचून कळतात.