जमशेटजी नसरवानजी टाटा

उद्योगी पुरुषाची परीक्षा त्याने किती मिळविले यावरून होत नाही. त्याने जे उभे केले ते त्याच्यामागे किती काळ लोकांच्या उपयोगी पडले, यावरून होते. अलीकडे आमच्या मोरा बंदराच्या रस्त्यावर विजेच्या मोटारी दिसू लागल्या आहेत. त्यांस धूर नाही आणि आवाजही फारसा नाही. परंतु त्यांजकडे पाहून जाणते लोक एकच प्रश्न विचारतात की, गावोगाव अशा गाड्या झाल्या म्हणजे त्यांस पुरेल इतकी वीज आणावयाची कोठून? हा प्रश्न अगदीच नवा नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या एका गृहस्थांनी गिरण्यांच्या बाबतीत तोच प्रश्न मनात घोळविला, आणि त्याचे उत्तर आमच्याच जिल्ह्याच्या माथ्यावर असलेल्या सह्याद्रीत शोधले. त्या थोर पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे संक्षेपाने ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

जमशेटजींचा जन्म ता. ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे एका पारशी उपाध्यायांच्या घराण्यात झाला. त्यांचे वडील नसरवानजी हे परंपरागत वृत्ती सोडून मुंबईस व्यापारात शिरले होते. पुत्रास त्यांनी मुंबईस आणून एल्फिन्स्टन संस्थेत घातले. तेथील अभ्यासक्रम १८५८ साली पुरा करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत काम करू लागले. पुढे व्यापारानिमित्त ते हाँगकाँगला व नंतर इंग्लंडला गेले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले व मुंबईच्या अनेक पेढ्या बुडाल्या. त्या तडाख्यातून टाटांची पेढीही सुटली नाही. परंतु संकटाने खचून जाणे हा त्यांचा स्वभावच नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्या त्यांनी बारकाईने पाहिल्या होत्या, आणि कच्चा कापूस परदेशी धाडून तयार कापड विकत आणण्यात आपल्या देशाचे किती नुकसान होते, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

त्या काळी गिरणी म्हटली की ती मुंबईतच काढावयाची, असा प्रघात होता. जमशेटजींनी तो मोडला. कापूस जेथे पिकतो, कोळसा जेथून जवळ आहे आणि माल जेथे खपतो, अशी जागा त्यांनी शोधली, व ता. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू केली. नवी यंत्रे प्रथम आपल्या गिरणीत बसवून पाहावी, कामगारांसाठी हवा खेळती व दमट राखण्याची सोय करावी, त्यांच्या म्हातारपणासाठी निधी काढावा, या गोष्टी त्यांनी अशा वेळी केल्या की, ज्या वेळी कायद्याची सक्ती नव्हती. यंत्र उत्तम असले म्हणजे कारखाना आपोआप चालतो, असा अनेकांचा समज असतो. यंत्रामागे इंधन, पाणी, रस्ता आणि माणूस ही चार अंगे सज्ज असावी लागतात, हे जमशेटजींनी नागपुरास सिद्ध करून दाखविले.

उत्तर वयात त्यांनी चार मोठे संकल्प धरिले. पहिला पोलादाच्या कारखान्याचा, दुसरा उच्च शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थेचा, तिसरा मुंबईस साजेशा उपाहारगृहाचा, आणि चौथा पाण्यापासून वीज उत्पन्न करण्याचा. यांपैकी ताजमहाल हॉटेल तेवढे डिसेंबर १९०३ मध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत उघडले. समुद्राकाठची ती इमारत विजेच्या दिव्यांनी उजळलेली पाहून त्या काळच्या मुंबईकरांस मोठे नवल वाटले. नव्या साधनांची त्यांस आवड होती. मुंबईतील अगदी पहिल्या मोटारमालकांतही त्यांची गणना होते. परंतु साधनाची हौस आणि साधनामागील शक्तीची चिंता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, व दुसरी गोष्ट फार थोड्यांस सुचते.

मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत असत. तो कोळसा बंगालसारख्या दूरच्या प्रांतातून आणावा लागे, आणि त्याच्या धुराने परळ-लालबागेचे आकाश काळे होई. इकडे लोणावळ्याच्या माथ्यावर दरसाल पावसाचे अपार पाणी पडून ते दऱ्याखोऱ्यांतून वाहून जात असे. ते पाणी धरणांनी अडवून घाटाखाली सोडावे व त्याच्या पडण्यातून वीज काढावी, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग नावाच्या मुंबईच्या शिल्पकारांनी मांडली होती. जमशेटजींनी तिचे मोल ओळखले व ती उचलून धरली. परंतु ती सिद्धीस जाण्यापूर्वीच ता. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे देहावसान झाले.

संकल्प मात्र मागे राहिला. दोराबजी व रतनजी या त्यांच्या पुत्रांनी आणि सहकाऱ्यांनी १९१० साली वीज कंपनी स्थापिली. लोणावळा, वळवण व शिरवटा येथे पाणी साठविले. ते नळांनी सुमारे ५२५ मीटर खाली खोपोलीस आणले, आणि त्याच्या जोराने चक्रे फिरवून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांस वीज पोहोचविली. पुढे १९२२ साली भिवपुरी व १९२७ साली भिरा येथील वीजगृहे चालू झाली. ही तिन्ही स्थळे आमच्याच रायगड जिल्ह्यात आहेत. १९२५ साली मुंबईस विजेची आगगाडी धावू लागली. ज्या विजेने प्रथम केवळ चात्या फिरल्या, तीच पुढे माणसांची वाहनेही ओढू लागली.

या कथेस दुसरी बाजू आहे, व ती सांगितल्यावाचून चरित्र पुरे होणार नाही. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे खोरे पाण्याखाली गेले. तेथील मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तरी त्यांची शेते व घरे वाचली नाहीत. हे जमशेटजींच्या निधनानंतर घडले. परंतु एकाच्या घरातील उजेडासाठी दुसऱ्याची चूल विझू नये, ही जबाबदारी वीज निर्मिणाऱ्यांइतकीच वीज वापरणाऱ्यांवरही आहे, असे आम्हांस वाटते.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. १९०० सालच्या सुमारास अमेरिकेत विजेच्या मोटारी पेट्रोलच्या मोटारींहून कमी नव्हत्या. तरी पुढे त्या मागे पडल्या. कारण पेट्रोलचा डबा कोठेही नेता येई, आणि वीज मात्र शहराच्या वेशीबाहेर मिळत नसे. म्हणजे गाडीच्या दोषाइतकाच तारांचा अभावही तिला भोवला. आज विद्युत्‌घट पुष्कळ सुधारले आहेत. मोऱ्याहून अटल सेतूने मुंबईस जाऊन परत येण्यास सुमारे ८० किलोमीटर पडतात असे धरू. लहान मोटार एका युनिटात ६ किलोमीटर चालली, तर १३-१४ युनिटे पुरतात. घरातील १५ अँपिअरच्या जोडणीतून तासाला ३ युनिटे मिळतात. म्हणजे पाच तासांत गाडी पुन्हा सज्ज होते. एका घरापुरता हा हिशेब अगदी सोपा आहे.

अडचण गावाच्या हिशेबात आहे. १०० केव्हीए क्षमतेच्या एका रोहित्रावर ३० घरांनी संध्याकाळी सात वाजता एकदमच मोटारी जोडल्या, तर त्यांचाच भार ९० किलोवॉट होईल. मग दिवे, पंखे व पाण्याचे पंप कशावर चालावे? त्याच मोटारी मध्यरात्रीनंतर पाळीपाळीने जोडल्या, तर तेच रोहित्र पुरेसे ठरेल. अर्ध्या तासात घट भरणारी जलद केंद्रे काढावयाची, तर प्रत्येकास ५० किलोवॉट किंवा त्याहून अधिक वीज हवी, व त्यासाठी स्वतंत्र रोहित्र व जाड तारा हव्यात. शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात. त्यांची देखभाल नेमाने झाली पाहिजे. आणि महाराष्ट्राची बहुतेक वीज कोळशापासून होत असल्याने, मोऱ्यास न दिसणारा धूर चंद्रपूर-कोराडीस निघत असतो, हेही विसरता कामा नये. उन्हाची, वाऱ्याची व पाण्याची वीज वाढेल, तसतशी ही मोटार खरोखर निर्मळ होत जाईल.

आमच्या गावाच्या शेजारीच उरणास नैसर्गिक वायूवरील वीजगृह १९८२ सालापासून आहे. आणि समोर दिसणाऱ्या घारापुरी बेटावर समुद्राखालून तार टाकून कायमची वीज पोहोचावयास २०१८ साल उजाडले. वीज जवळ निर्माण होणे आणि ती दारी येणे यांत किती अंतर असते, हे याहून अधिक स्पष्ट कशाने होणार?

जमशेटजींनी आपल्या मालमत्तेचा मोठा भाग ज्या विज्ञानसंस्थेसाठी १८९८ साली देऊ केला, ती बंगळुरास १९०९ साली स्थापन झाली, व तिच्या आरंभीच्या शाखांत विद्युत्‌शास्त्राचीही एक शाखा होती. वीज निर्मावयाची तर ती जाणणारी माणसेही घडविली पाहिजेत, हे त्या दात्याने जाणले होते. आमच्या विद्यार्थिबंधूंपैकी काहींनी तारा, रोहित्रे व विद्युत्‌घट यांचा अभ्यास मन लावून करावा. मोटार विकत घेणारे पुष्कळ निघतील. तिच्यामागची शक्ती सर्वांच्या दारी, आणि कोणाचे घर न बुडविता, आणून देणारे थोडेच असतात. अशांची नावे मागे राहतात, हेच जमशेटजींचे चरित्र आम्हांस शिकविते.